ठिणगीची वेळ

होडीच्या मागच्या फळीवर टांगायच्या इंजिनाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक आइस्क्रीमपासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले एक तळे, उन्हाळ्याचा दिवस, काठावर सहलीला जमलेली तरुण मंडळी. बेस केरी नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावेसे वाटते. तिच्यावर जीव असलेला ओले एव्हिनरूड वल्ही मारत पलीकडच्या काठाला जातो, आइस्क्रीम घेतो आणि परत निघतो. तो पोचेपर्यंत आइस्क्रीमचे दूध झालेले असते. घामाघूम झालेला ओले तिथेच ठरवतो, की होडीला इंजिन हवे. पुढे १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात त्याच्या इंजिनाचे उत्पादन सुरू होते आणि 'आऊटबोर्ड मोटर' जगात येते.

गोष्ट गोड आहे. ती खोटी आहे असे म्हणण्याचे मला कारण नाही. ओले आणि बेस यांचे १९०६ मध्ये लग्नही झाले. पण ही गोष्ट इंजिनाची इच्छा कशी झाली ते सांगते, इंजिन शक्य कसे झाले ते सांगत नाही. वल्ही मारून दमलेली माणसे जगात हजारो वर्षे होती. शिवाय ओले पहिलाही नव्हता. पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ सालीच सेन नदीत होडीच्या मागे काढता-घालता येणारी विजेची मोटर लावून दाखवली होती. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने १८९६ मध्ये होडीला लावायची सुटी पेट्रोल मोटर बाजारात आणली, ती फार थोडी खपली. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ मध्ये आपले इंजिन पाण्यात उतरवले आणि पुढे हजारोंनी विकले. या इंजिनाला 'आऊटबोर्ड' हे नाव देण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

मग हे यंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच का रुळले? हलके ॲल्युमिनियम आले, दोन फेरांचे साधे इंजिन आले, सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाणारा मध्यमवर्ग आला, ही उत्तरे पुस्तकांत मिळतात आणि ती बरोबरच आहेत. मला जे उत्तर सर्वांत दुर्लक्षित वाटते ते वेगळे आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, हा निर्णय माणसाच्या हातातून काढून यंत्रात बसवणे जमले, म्हणून हे इंजिन कोणाच्याही हाती देता आले. हा निर्णय हातातून लोखंडात कसा उतरला, त्याची ही हकीकत.

या उत्तरापर्यंत मी वाचून पोचलो नाही, मनगट दुखावून पोचलो. काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका शेडमध्ये पडून असलेले, १९५० च्या दशकातले, अमेरिकन बनावटीचे दोन सिलिंडरचे इंजिन माझ्या हाती आले. आपली स्कूटर आपणच खोलून बसवणाऱ्या पिढीतला मी. फ्लायव्हील उतरवले, पॉइंट साफ केले, डोळ्यांच्या अंदाजाने फट ठेवली, सगळे परत बसवले आणि दोरी ओढली. इंजिनाने ती दोरी उलटी अशी हिसकली, की पुढचे तीन आठवडे माझे मनगट बांधलेले होते. शेडमधले म्हातारे मेस्त्री बघत उभे होते.

"साहेब, लिव्हर कुठं होता?" त्यांनी विचारले.

"शेवटाला," मी म्हणालो.

"मग ते मारणारच."

मी त्या लिव्हरला स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखे समजत होतो. तो पेट्रोल तर वाढवतोच, पण त्याच वेळी ठिणगीची वेळही पुढे-मागे करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिथून माझा शोध सुरू झाला.

झोपाळ्याला धक्का

सिलिंडरमध्ये 'स्फोट' होतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तिथे जळण्याची क्रिया होते. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, तिथे ज्योत धरते आणि ती हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून पसरत जाते. या पसरण्याला वेळ लागतो. वेळ अगदी थोडा, मिलिसेकंदांत मोजायचा, पण शून्य नव्हे. पिस्टन वरच्या टोकाला पोचून नुकताच खाली वळला, की त्या क्षणी दाब सर्वांत जास्त हवा. त्यासाठी ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधीच पडावी लागते.

झोपाळ्यावर मूल बसले आहे असे समजा. ते मागे येऊन पुढे जायला वळले, की नेमका तेव्हा धक्का दिला तर झोका चढतो. उशीर केला तर हात हवेत फिरतो. ते मागे येत असतानाच धक्का दिला तर मूल आपल्या हातावर आदळते. इंजिनाचेही हेच होते. ठिणगी उशिरा पडली, म्हणजे 'रिटार्ड' झाली, तर जोर कमी पडतो आणि उष्णता वाया जाते. फार आधी पडली, म्हणजे 'ॲडव्हान्स' झाली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका बसतो. इंजिन वेगात असेल तर आतून खटखट येते, पिस्टनचे डोके तापते आणि शेवटी त्याला भोकही पडू शकते. इंजिन नुकते दोरीने फिरवत असू तर ते उलटे फिरू पाहते आणि दोरी धरणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर जातो.

अडचण अशी, की 'थोडे आधी' म्हणजे किती आधी हे वेगावर ठरते. मिनिटाला ६०० फेरे होत असतील तर एका फेऱ्याला १०० मिलिसेकंद लागतात. त्यात ३० अंश म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंद. मिनिटाला ४००० फेरे होत असतील तर एक फेरा १५ मिलिसेकंदांचा आणि ते ३० अंश जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचे. ज्योत पसरायला लागणारा वेळ मात्र वेगाच्या प्रमाणात इतका घटत नाही. म्हणून इंजिन सुरू करताना ठिणगी उशिराची हवी आणि वेग वाढेल तशी ती अलीकडे सरकवत न्यायला हवी. एकच वेळ कायमची ठरवून चालत नाही.

ज्योत, तापलेली नळी, चुंबक

सुरुवातीच्या इंजिनांत ही सोय नव्हती. एतिएन लनुआर याच्या १८६० च्या गॅस इंजिनात बॅटरी आणि रूमकॉर्फ कॉइल यांनी ठिणगी पाडत, पण ते इंजिन संथ होते. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या प्रसिद्ध चार फेरांच्या इंजिनात ठिणगीच नव्हती. सरकत्या झडपेतून जळती ज्योत आत नेली जाई. गोटलिब डाइमलरने आपल्या वेगवान इंजिनांत तापवलेली नळी वापरली. बाहेरून बर्नरने लाल केलेली बारीक नळी सिलिंडरला जोडलेली असे, आणि दाबलेले मिश्रण तिच्यात शिरले की पेट घेई. यात वेळ ठरवण्याचा प्रश्नच नव्हता, जेव्हा पेटेल तेव्हा पेटेल. याच पद्धतीचे इंजिन डाइमलरने १८८६ मध्ये नेकार नदीत होडीवर बसवले. पेट्रोलला लोक घाबरतील म्हणून होडीवर चिनीमातीचे इन्सुलेटर आणि तारा लावून ती विजेवर चालते असा देखावा केला होता, असे सांगितले जाते.

कार्ल बेंझने मात्र बॅटरी आणि कॉइलचीच वाट धरली. बॅटरी सतत भरावी लागे, ओलाव्याने उतरे, रस्त्यात दगा देई. बॅटरीशिवाय वीज हवी असेल तर ती इंजिनाच्या फिरण्यातूनच काढायला हवी. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये एका जागी बसवायच्या गॅस इंजिनासाठी चुंबकावर चालणारे यंत्र बनवले. हाच मॅग्नेटो. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, तो द दियों-बूतों या तीनचाकी गाडीच्या वेगवान इंजिनाला जोडला गेला. १९०२ मध्ये बॉशच्याच कारखान्यातल्या गोटलोब होनोल्डने जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. पुढे ज्या 'मायको' प्लगने आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या स्कूटर चालवल्या, ती बंगळूरची कंपनी याच बॉश घराण्याची.

दुसरा धागा इंजिनाच्या घडणीचा. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे याने १८९० च्या सुमारास दोन फेरांचे अत्यंत साधे इंजिन आखले. त्यात झडपांची यंत्रणा नव्हती. पिस्टन वर-खाली होताना भोके उघडत-मिटत आणि क्रँकची पेटीच पंपाचे काम करी. भाग कमी, वजन कमी, म्हणून लहान होड्यांना ते फार मानवले.

या इंजिनाचा एक गुण आज कोणाला खरा वाटणार नाही. ते दोन्ही दिशांना फिरू शके. होडी धक्क्याला लावायची असली, की नावाडी ठिणगी तोडत असे. इंजिन मंदावत थांबायला आले, शेवटचा फेरा पुरा होतो न होतो अशा क्षणी, ठिणगी ॲडव्हान्स ठेवून तो परत जोडत असे. वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसे, इंजिन उलटे फिरू लागे आणि होडीची पीछेहाट होई. गिअर नाही, ब्रेक नाही, सगळा कारभार ठिणगीच्या वेळेवर. ज्या दणक्याने माझे मनगट गेले, तोच दणका हे नावाडी रोज कामाला लावत होते. चुकला तर होडी धक्क्यावर आदळे.

मिलवॉकी आणि साउथ बेंड

ओले एव्हिनरूडचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये आले. त्याचे शिक्षण मुख्यतः कारखान्यांत झाले आणि लाकडी साचे बनवण्यात त्याचा हात बसला होता. त्याचे १९०९ चे इंजिन एका सिलिंडरचे, दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे आणि ६२ डॉलर किमतीचे होते. बाजारात जाण्याजोगे ते ठरले त्यात बेसचा वाटा मोठा होता. पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात तिने सांभाळली. वल्ही फेकून द्या असे सांगणारी जाहिरात तिचीच. इंजिने स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांपर्यंत गेली, म्हणजे लहानपणी आई-वडिलांबरोबर निघालेल्या मुलाचे यंत्र त्याच किनाऱ्यांकडे परतले. गोष्टींत मात्र बेस आइस्क्रीम मागणारी मुलगीच राहिली.

या पहिल्या इंजिनाला बॅटरी आणि कॉइल होती. फ्लायव्हीलच्या कडेवर एक मूठ होती. ती धरून चाक फिरवायचे आणि इंजिन पेटताच हात काढून घ्यायचा. नाही काढला तर फिरती मूठ बोटांवर बसे. अमेरिकेत अशा इंजिनांना बोटांची हाडे फोडणारे असेच टोपणनाव पडले होते. वेग कमी-जास्त करायचा तो मुख्यतः ठिणगीचा लिव्हर सरकवून. तेव्हा मोटारींतही असेच होते. १९०८ पासूनच्या फोर्ड मॉडेल टीमध्ये चाकाखाली दोन दांडे असत, उजवीकडचा पेट्रोलचा आणि डावीकडचा ठिणगीचा. हँडल मारण्याआधी डावीकडचा दांडा वर सारून ठिणगी रिटार्ड करायची, हे विसरलेल्या माणसाचा हात मोडे. ठिणगीची वेळ ओळखणे हा त्या काळी चालकाच्या अंगचा गुण मानला जाई. आवाज ऐकून, थरथर जाणवून दांडा सरकवायचा.

ओलेने १९१४ मध्ये बेसच्या प्रकृतीमुळे आपला हिस्सा भागीदाराला विकला. पाच वर्षे या धंद्यात उतरायचे नाही, असा करार होता. तोवर इतरांची इंजिने पुढे गेली. फ्लायव्हीलमध्येच चुंबक बसवून बॅटरी काढून टाकण्याची पद्धत रूढ होत होती. इंडियाना राज्यातल्या जॉन्सन बंधूंनी सायकलला जोडायचे छोटे इंजिन बनवले होते. त्या अनुभवावरून त्यांनी साउथ बेंड गावात १९२१ मध्ये होडीचे इंजिन तयार केले. दोन सिलिंडर, दोन अश्वशक्ती, वजन ३५ पौंड. फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो.

त्याच सुमारास ओले परत आला. जुन्या भागीदाराने नवे इंजिन नाकारले, म्हणून त्याने 'एल्टो' ही वेगळी कंपनी काढली. एल्टोचे इंजिनही हलके, ॲल्युमिनियमचे, दोन सिलिंडरचे. पण ओलेने मॅग्नेटो न घेता पुन्हा बॅटरीच घेतली. यावर काही लेखक तो मागे वळला असा शेरा मारतात. मला तसे वाटत नाही. मॅग्नेटोची वीज फिरण्याच्या वेगातून येते. हाताने चाक हळू फिरवले तर ठिणगी मलूल पडते, आणि सुरू करताना नेमकी तीच जोरदार हवी असते. बॅटरीची ठिणगी पहिल्या पाव फेऱ्यातही सारखीच तेज असते. एल्टो चाकाच्या एका झटक्याने सुरू होई. म्हणजे एका बाजूला ओलसर होडीत जपावी लागणारी बॅटरी आणि सोपी सुरुवात, दुसऱ्या बाजूला काहीही न जपता चालणारा मॅग्नेटो आणि जोराची दोरी. दोघेही एकाच प्रश्नाशी झुंजत होते: सराव नसलेल्या माणसाला इंजिन सुरू करता आले पाहिजे.

हा वाद पुढे मॅग्नेटोने जिंकला. १९२९ मध्ये स्टीफन ब्रिग्ज या उद्योजकाने एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड या कंपन्या एकत्र आणल्या आणि ओलेला अध्यक्ष केले. बेस १९३३ मध्ये गेली, ओले १९३४ मध्ये. त्यानंतर थोड्याच काळात जॉन्सनही याच समूहात आली. एकेकाळचे प्रतिस्पर्धी एका छताखाली आले, आणि मॅग्नेटोची जी घडण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लाखो लहान इंजिनांत गेली तीच माझ्या शेडमधल्या इंजिनात होती.

अर्धा मिलिमीटर

ती घडण नीट पाहण्यासारखी आहे. बजाजच्या जुन्या स्कूटरचे किंवा लूनाचे फ्लायव्हील ज्यांनी उतरवले आहे, त्यांना तिचा चेहरा ओळखीचा वाटेल. फ्लायव्हीलच्या आत चुंबक, त्याखाली एका गोल प्लेटवर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट. मधल्या दांड्यावर एक उंचवटा असलेला कॅम. कॅम फिरता फिरता पॉइंट उघडतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून वीज वाहत असते. ते उघडताच ती एकदम तुटते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत इतका दाब उठतो, की प्लगच्या टोकांमधून ठिणगी उडते. कंडेन्सर नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडून ते जळतील. कॉइलला कंडेन्सरची जोड द्यावी हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने १८५३ मध्येच दाखवले होते. थोडक्यात, पॉइंट उघडतात तो क्षण हीच ठिणगीची वेळ.

स्कूटरमध्ये ही प्लेट एकदा खुणेवर लावून स्क्रूने आवळली, की हलत नाही. होडीच्या इंजिनात ती लिव्हरला जोडलेली असते आणि चालत्या इंजिनात फिरते. प्लेट फिरली की पॉइंट कॅमच्या आधी किंवा नंतर येतात, ठिणगी सरकते. प्लेटबरोबर कॉइलही सरकते, त्यामुळे चुंबकाशी असलेला पॉइंटचा मेळ बिघडत नाही आणि वेळ कोणतीही असो, ठिणगी सारखीच तेज राहते. प्लेटच्या खालच्या अंगाला एक वळणदार कडा असते. तिच्यावर टेकलेली छोटी चकती कार्बोरेटरची झडप उघडते. लिव्हर एक, पण तो आधी ठिणगी पुढे नेतो आणि मग बेताने पेट्रोल वाढवतो. मॉडेल टीमधले दोन दांडे आणि ते सांभाळणारा कान, दोन्ही त्या एका कडेच्या वळणात आले.

म्हणून जुन्या इंजिनाचे टायमिंग लावणे म्हणजे ते वळण परत खरे करणे. मेस्त्रींनी मला ते ज्या क्रमाने शिकवले, त्याच क्रमाने सांगतो.

फ्लायव्हील हातोडीने ठोकून काढायचे नाही, पुलर लावायचा. ठोकल्याने चुंबक कमजोर होतात आणि दांडा वाकू शकतो. काढल्यावर आधी चावी बघायची, म्हणजे फ्लायव्हीलला दांड्यावर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा. ती अर्धी कापली गेली असेल तर चुंबक आणि पॉइंट यांचा मेळ फुटतो आणि ठिणगी मरते. मग कॉइलवरचे आवरण पाहायचे. तडा असेल तर ओलाव्यात करंट तिथूनच पळतो. पॉइंट घासायला पॉलिश पेपर नको, त्याचे कण आत राहतात. स्वच्छ जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा.

आता दांडा फिरवायचा, तोही चालण्याच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर खालच्या पाण्याच्या पंपाची रबरी पाती मुडपतात. पॉइंटचा टेकू कॅमच्या सर्वांत उंच जागी आला, की फट मोजायची. या इंजिनांत ती इंचाच्या २० हजारांशांइतकी, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. स्कूटरच्या मेस्त्रीने सिगारेटच्या चंदेरी कागदावर किंवा ब्लेडवर भागवलेले आपण पाहिले आहे. इथे भागत नाही, कारण या घडणीत फट हीच वेळ आहे. फट मोठी ठेवली तर कॅम पॉइंटला आधी उघडतो, ठिणगी ॲडव्हान्स. लहान ठेवली तर उशिरा उघडतो, रिटार्ड. टेकू वर्षानुवर्षे घासून झिजतो, फट मिटत जाते आणि इंजिन कोणाच्या लक्षात न येता मंद होत जाते. मालक म्हणतो, इंजिन म्हातारे झाले.

पॉइंटच्या दोन जोड्या असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. एक पेटल्यावर अर्ध्या फेऱ्याने दुसरा पेटायला हवा. दोन फटींत फरक राहिला तर एक सिलिंडर घाईत आणि दुसरा उशिरा. म्हणून शेवटची तपासणी फटीची नव्हे, क्षणाची. पॉइंटच्या तारेला छोटा दिवा किंवा मीटर लावायचा, दांडा अगदी सावकाश फिरवायचा आणि प्लेटवरच्या कारखान्याच्या खुणेशी संपर्क तुटतो की नाही ते पाहायचे. पहिल्या जोडीची एक खूण, दुसरीची दुसरी. हे जुळले, की कार्बोरेटरची चकती कडेवरच्या रेघेशी टेकते का ते पाहायचे. मी तोवर पॉइंटच्या फटी डोळ्यांच्या अंदाजाने ठेवल्या होत्या. मोजल्यावर एक दीडपट निघाली. लिव्हर शेवटाला नसता तरी दोरीने थोडा हात दाखवलाच असता.

हे सगळे करत असताना प्लेटच्या कडेवर मला आणखी एक खूण दिसली. कारखान्याची नव्हती. पूर्ण ॲडव्हान्सला जिथे प्लेट अडते, त्याच्या थोडी अलीकडे खिळ्याने ओढलेली रेघ होती. मी ती मेस्त्रींना दाखवली. त्यांनी बोट फिरवून पाहिले.

"हे रॉकेलवर चालवलंय कोणीतरी," ते म्हणाले. "पुरतं पुढं नेलं की खटखटतं. म्हणून इथं थांबायचं ठरवलेलं दिसतंय."

रॉकेल पेट्रोलपेक्षा लवकर खटखटते हे रसायनशास्त्र सांगते, आणि असे इंधन असेल तर ठिणगी थोडी मागे ठेवावी हेही त्यातूनच निघते. ती रेघ ओढणाऱ्याने ते कानाने ओळखले होते. आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका बहुतेक पोटात डिझेल इंजिन असलेल्या, आणि डिझेलला ठिणगीच लागत नाही. पण केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या आसपासपासून लहान होड्यांवर टांगती इंजिने झपाट्याने पसरली. पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की रॉकेलवर घ्यायची. त्यासाठी कंपन्यांनी पुढे खास रॉकेलची इंजिने बनवली. त्या अगोदर, त्यांच्याशिवाय, पेट्रोलचे इंजिन रॉकेलला जुळवून घेणारे हात असेच खिळ्याने खुणा करत असणार.

पेटीत गेलेली वेळ

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या इंजिनांतले पॉइंट जाऊ लागले आणि पुढच्या दशकात लहान इंजिनांतूनही गेले. त्यांच्या जागी कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज इलेक्ट्रॉनिक कळीने सोडणारी पेटी आली. घासणारा टेकू नाही, जळणारा पॉइंट नाही, मिटणारी फट नाही. आधी तीही हलत्या प्लेटवरच बसे, नंतर प्लेटही थांबली आणि वेळ मोजणे पेटीच्या आतच होऊ लागले. इंजिने अधिक भरवशाची झाली, इंधन वाचले, हात मोडणे बंद झाले. यात हळहळण्यासारखे काही नाही. एल्टो आणि जॉन्सन यांनाही हेच हवे होते. ज्या समूहाने ही घडण घरोघरी नेली तो २००० सालच्या अखेरीस दिवाळखोरीत गेला, आणि 'एव्हिनरूड' नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

माझी खंत वेगळी आहे. यंत्रांचा इतिहास आपण 'शोध कोणी लावला?' या शाळेतल्या प्रश्नाच्या चालीवर लिहितो. पेटंटचा नंबर, कंपनीची स्थापना, आइस्क्रीमची गोष्ट. हे सगळे कागदावर असते म्हणून हाती लागते. ठिणगीची वेळ ओळखणारा धक्क्यावरचा नावाडी, मॉडेल टीचा डावा दांडा सरकवणारा चालक, अर्ध्या मिलिमीटरची फट राखणारा मेस्त्री यांनी कागद ठेवला नाही. त्यांच्या कामाचा दस्तऐवज म्हणजे यंत्र. ताम्रपटावरची अक्षरे वाचायला जसा जाणकार लागतो तसा प्लेटवरच्या खुणा वाचायलाही लागतो. फरक एवढाच, की ताम्रपट संग्रहालयात जातो आणि जुने इंजिन किलोच्या भावाने भंगारात.

आमच्या शहरांतल्या स्कूटरच्या गॅरेजांत पॉइंट लावलेली माणसे अजून आहेत. बहुतेक साठी-सत्तरीतली आहेत. किती फट, कोणत्या खुणेला, कोणते इंधन असेल तर किती मागे, हे त्यांना विचारून लिहून ठेवायला संशोधकाची पदवी लागत नाही, मलाही ती नाही. वही लागते आणि दुपार लागते. मी माझ्यापुरते ते सुरू केले आहे. यंत्रांच्या बाबतीत आपण मुख्यतः वापरणारे राहिलो, घडवणारे नव्हे, असे आपल्याबद्दल नेहमी म्हटले जाते. वापरणाऱ्यांनी यंत्रात काय बदलले याची नोंदच नसेल, तर ते म्हणणे खरे की खोटे हे तरी कसे ठरवणार?

इंजिन मी शेवटी चालवले. लिव्हर सुरुवातीच्या खुणेवर ठेवला, दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला ते धरले. पिंपातल्या पाण्यात पंखा बुडवून आम्ही ते पाच मिनिटे चालू ठेवले, तेवढ्यात शेड धुराने भरली. मेस्त्रींनी लिव्हर हळूहळू पुढे नेला आणि आवाज चढत गेला. तो कुठे थांबवायचा हे मी त्यांना सांगितले नव्हते. पेट्रोल होते, शेवटपर्यंत न्यायला हरकत नव्हती. त्यांनी तो त्या खिळ्याच्या रेघेपाशी क्षणभर धरला, कान दिला आणि मग पुढे सोडला.

प्लेट परत बसवण्यापूर्वी मी सगळी धूळ पुसली होती. ती रेघ तशीच ठेवली आहे.